दुसरी भट्टी : अमेरिकेतील अख्खी टर्की आणि विजेचा रोस्टर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंग या सणाला अख्खी भाजलेली टर्की हा मेजवानीतील मानाचा पदार्थ असतो, आणि या पक्ष्याविषयी व त्याच्या पोटात भरल्या जाणाऱ्या सारणाविषयी विपुल लिहिले गेले आहे. तो ज्या साधनांत भाजला गेला त्यांच्याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. विजेचा रोस्टर ओव्हन हे त्यांपैकी एक उपेक्षित साधन होय. लंबगोल आकाराची, घट्ट झाकणाची, ओट्यावर किंवा टेबलावर ठेवून भिंतीतील साध्या प्लगवर चालणारी ही पेटी म्हणजे सुटी, उचलून नेता येण्याजोगी भट्टीच असते. १९३०च्या दशकात ती बाजारात आली तेव्हा ज्या घरांत विजेची वा गॅसची भट्टी नव्हती त्या घरांची गरज भागवणे हे तिचे मुख्य प्रयोजन होते. पुढे जवळजवळ प्रत्येक अमेरिकी घरात भट्टी आली, म्हणजे हे प्रयोजनच संपले, आणि तरीही रोस्टर टिकून राहिला. तो का टिकला याचा उलगडा केवळ यंत्राकडे पाहून होत नाही. पक्ष्याचा आकार, घराचा आकार आणि पंगतीचा आकार यांचे परस्परांशी न जुळणे हे त्यामागचे खरे कारण आहे.

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी. मेक्सिकोतील लोकांनी तो युरोपीयांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके माणसाळवलेला होता, सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश दर्यावर्दींनी तो युरोपात नेला आणि तेथून तो इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर पुन्हा उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला. भारतात तो आल्याची सुप्रसिद्ध नोंद गोव्याशी जोडलेली आहे: १६१२ साली जहांगीर बादशहाच्या आज्ञेवरून मुकर्रबखान गोव्यास गेला, पोर्तुगीज मागतील ती किंमत मोजून त्याने दुर्मीळ वस्तू व प्राणी खरेदी केले आणि त्यांत हा पक्षीही होता. त्याच्या डोक्याचे व मानेचे रंग बदलताना पाहून बादशहा चकित झाला, त्याने ते आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले, आणि दरबारचा चित्रकार मन्सूर याने काढलेले त्या टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मुघल दरबारात जो पक्षी नवलाई म्हणून पाहिला गेला, तोच न्यू इंग्लंडच्या शेतांवर हिवाळ्याच्या तोंडावर कापावयाचा, अनेक तोंडे भरणारा पक्षी होता, आणि त्याचे हे मोठेपणच भाजणाऱ्याची पहिली अडचण ठरत आले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात अमेरिकी घरांतील स्वयंपाक उघड्या चुलाण्यासमोर होत असे. टर्की सळईत ओवून ती कल्हईच्या पत्र्याच्या अर्धगोल पेटीत बसवत. या पेटीची उघडी बाजू विस्तवाकडे असे, मागचा चकचकीत पत्रा उष्णता परावर्तित करून पक्ष्यावर टाकी आणि मागील छोट्या दारातून अंगावर चरबीचा हात फिरवता येई. १८३०नंतर ओतीव लोखंडाच्या बंदिस्त चुली घरोघर येऊ लागल्या आणि विस्तवासमोर फिरणारा पक्षी चुलीच्या पोटातील कोरड्या कप्प्यात गेला. याच काळात सारा जोसेफा हेल या लेखिका-संपादिकेने थँक्सगिव्हिंग हा राष्ट्रीय सण व्हावा यासाठी दीर्घकाळ चळवळ केली. तिच्या १८२७च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीतील मेजवानीच्या वर्णनातही भाजलेल्या टर्कीला अग्रस्थान आहे. यादवी युद्ध चालू असताना, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार या सणासाठी जाहीर केला. (चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ साली.) एका पदार्थाशी इतका घट्ट बांधलेला सण एकदा सर्व देशाचा झाला की तो पदार्थ शिजवण्याची सोयही प्रत्येक घरात असावी लागते, आणि ती तशी नव्हती.

विजेच्या रोस्टरचा जन्म दोन वेगळ्या धंद्यांच्या संगमातून झाला. त्यांतला पहिला धंदा एनॅमलच्या भांड्यांचा. एनॅमल म्हणजे पोलादी पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेला काचेचा पातळ थर. तो गंजू देत नाही, आंबट पदार्थांनी बिघडत नाही आणि धुण्यास सोपा असतो. सेंट लुइस येथील जर्मन वंशाचे फ्रेडरिक व विल्यम नीड्रिंगहाउस या बंधूंनी १८७०च्या दशकात ठिपकेदार, दगडासारख्या दिसणाऱ्या एनॅमलची भांडी काढली आणि त्यांच्या कारखान्याभोवती इलिनॉय राज्यात ग्रॅनाइट सिटी हे शहरच वसले. १८९९ साली या कंपनीचे इतर काही भांडी-कारखान्यांशी विलीनीकरण होऊन नॅशनल एनॅमलिंग अँड स्टँपिंग कंपनी उभी राहिली. तिच्या आद्याक्षरांपासून बनलेले ‘नेस्को’ हे नाव पुढे रोस्टरशी जोडले गेले. एनॅमलचे झाकणदार लंबगोल भांडे, ज्यात मोठा पक्षी ठेवून ते चुलीच्या कप्प्यात सरकवत, हे विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वत्र परिचित झालेले होते. विजेच्या रोस्टरचा आकार थेट या भांड्यावरून आला आहे, कारण तो आकार मुळात पाय बांधलेल्या टर्कीच्या बाह्यरेषेवरून ठरलेला होता.

दुसरा धंदा उष्णता साठवणाऱ्या पेट्यांचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत ‘विनाविस्तव शेगडी’ म्हणून ओळखली जाणारी पेटी लोकप्रिय होती: जाड उष्णतारोधक भिंतींच्या पेटीत तापवलेली शंखजिऱ्याच्या दगडाची चकती ठेवायची, तिच्यावर अन्नाचे भांडे बसवायचे, झाकण लावायचे आणि कित्येक तास पदार्थ आपोआप शिजू द्यायचा. दगडाऐवजी विजेची तार वापरली तर उष्णता हवी तितका वेळ टिकवता येईल, ही कल्पना स्वाभाविक होती, परंतु त्यासाठी लाल होऊनही न जळणारी तार हवी होती. आल्बर्ट मार्श याने निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूसाठी १९०६ साली मिळवलेल्या पेटंटमुळे ही अडचण दूर झाली. पुढे नायक्रोम म्हणून ओळखल्या गेलेल्या या मिश्रधातूची तार वारंवार तापूनही हवेत लवकर खराब होत नाही, आणि टोस्टर, इस्त्री, शेगडी यांसारखी घरगुती उष्णतेची उपकरणे खऱ्या अर्थाने शक्य झाली ती तिच्यामुळे. एनॅमलच्या भांड्याला अशा तारेचा पट्टा आणि विनाविस्तव शेगडीच्या उष्णतारोधक भिंती मिळाल्या, की रोस्टर तयार झाला.

रोस्टरची रचना आजही फारशी बदललेली नाही. बाहेर पोलादी कवच, आत एनॅमलची किंवा पोलादाची स्थिर विहीर, त्या दोहोंमध्ये उष्णतारोधक थर आणि विहिरीच्या भिंतीला वेढणारा तापक पट्टा. विहिरीत बसणारे काढता येण्याजोगे भांडे, त्यात पक्षी उचलून धरणारी तारांची जाळी, वर झाकण आणि पुढच्या बाजूला तापमान ठरवणारी चकती. या चकतीमागचा नियंत्रक ठरावीक तापमान गाठताच प्रवाह तोडतो व ते उतरताच पुन्हा जोडतो. अनेक नमुन्यांत उष्णता तळाऐवजी बाजूंनी येते, ही बाब महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे खाली साचणारा रस करपत नाही. प्रचलित मोठा आकार १८ क्वार्टचा, म्हणजे सुमारे १७ लिटरचा, आणि त्यात अंदाजे २० पौंडांची, म्हणजे ९ किलोंची टर्की मावते.

महामंदीच्या वर्षांत अशा उपकरणाला ग्राहक मिळाला याचे कारण किमतीत आणि वायरिंगमध्ये आहे. पूर्ण आकाराची विजेची शेगडी महाग तर होतीच, शिवाय तिला अधिक दाबाची स्वतंत्र जोडणी लागे. रोस्टर मात्र दिव्यांसाठी घेतलेल्या साध्या जोडणीवर, ११० ते १२० व्होल्टवर चाले आणि भाड्याच्या खोलीतही ठेवता येई. नेस्कोच्या जोडीला वेस्टिंगहाउससारख्या मोठ्या विद्युत कंपन्याही या बाजारात उतरल्या, आणि रोस्टर ठेवण्यासाठी खास कपाट, ठरल्या वेळी तो सुरू वा बंद करणारे घड्याळ, आत एकाच वेळी मांस, भाजी व गोड पदार्थ शिजवता यावेत म्हणून वेगवेगळी भांडी अशी जोडसामग्रीही विकली जाऊ लागली. वीज कंपन्यांना या उपकरणाविषयी विशेष आस्था असणे साहजिक होते, कारण दिव्यांपुरती वीज घेणारे घर त्यांना परवडणारे नव्हते आणि तासन्‌तास तापणारे प्रत्येक साधन त्यांची विक्री वाढवीत होते.

ग्रामीण भागात हा हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. १९३०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मे १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले, पुढील वर्षी त्यास कायद्याचा आधार मिळाला, आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना तारा ओढण्यासाठी स्वस्त कर्जे मिळू लागली. उपकरणे खरेदी करण्यासाठी कर्ज देणारी वेगळी सरकारी यंत्रणाही तत्पूर्वीच उभी राहिली होती. तार आली तरी तिचा वापर शिकवावा लागे, म्हणून प्रशासनाने १९३८पासून तंबूत भरणारी फिरती प्रात्यक्षिके सुरू केली. लोक त्यांना ‘विजेची सर्कस’ म्हणत, आणि गृहविज्ञान शिकलेली लुइसान मेमर ही इलिनॉयची तरुणी तेथे शेतकरी स्त्रियांना विजेवरचा स्वयंपाक करून दाखवी. तिच्या कामाचे महत्त्व अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात अद्याप पुरेसे जोखले गेलेले नाही, असे म्हणावे लागते. लाकडे फोडणे, राख काढणे आणि धगीसमोर तासन्‌तास उभे राहणे यांतून ज्या पिढीची सुटका झाली, तिला नव्या साधनाचा विश्वास वाटावा हे काम तिच्यासारख्या स्त्रियांनी गावोगाव फिरून केले. ज्या शेतघरात लाकडाची जुनी चूल अजून चालू होती तेथे ती काढून न टाकता शेजारी ठेवता येणारा रोस्टर हा सर्वांत कमी धोक्याचा बदल होता.

याच सुमारास टर्कीच्या बाजूनेही एक विलक्षण प्रयत्न झाला. शहरांतील सदनिका लहान होत चालल्या होत्या, कुटुंबे लहान होत होती, भट्ट्याही लहान होत्या, आणि पक्षी मात्र या साऱ्यांच्या मानाने मोठाच होता. मेरीलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथील कृषी खात्याच्या संशोधन केंद्राने १९३४ साली लहान, पांढऱ्या पिसांची, भरदार छातीची जात तयार करण्याचे काम हाती घेतले. १९३६च्या एका पाहणीत बहुसंख्य ग्राहकांना ८ ते १५ पौंडांच्या दरम्यानचा पक्षी हवा असल्याचे दिसून आले आणि या कामाला पुष्टी मिळाली. पांढरी पिसे मुद्दाम निवडली होती, कारण उपटल्यानंतर कातडीत राहणारे काळे खुंट ग्राहकाला नकोसे वाटत. ‘बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट’ या नावाने ही जात १९४०च्या दशकात देशभर पसरली आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिची भरभराट होती. भट्टीच्या मापाने पक्षी घडवण्याचा हा प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या यशस्वी झाला, पण बाजारात अखेर हरला: हॉटेले व मांसप्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना मोठा पक्षी हवा होता, पाळणाऱ्यालाही एका पक्ष्यामागे अधिक मांस मिळणे किफायतशीर वाटे, आणि १९७०च्या दशकापर्यंत ही लहान जात जवळजवळ नाहीशी झाली. तिची जागा घेणारी रुंद छातीची पांढरी जात इतकी जड असते की तिचे नैसर्गिक प्रजननही होत नाही, कृत्रिम रेतनावरच ती टिकून आहे. १९२९च्या सुमारास जिवंत टर्कीचे सरासरी वजन १३ पौंड होते; आज ते ३० पौंडांच्या आसपास गेले आहे. सणासाठी अख्ख्या विकल्या जाणाऱ्या टर्की बहुधा लहान माद्या असतात हे खरे, तरीही घराच्या एकमेव भट्टीचा सबंध कप्पा चार-पाच तास अडवून ठेवण्याइतक्या त्या मोठ्या असतातच, आणि त्याच वेळी त्याच भट्टीत भोपळ्याचा ‘पाय’ हा गोड पदार्थ, रताळी, पाव आणि सारणाचे वेगळे भांडेही जायचे असते. रोस्टरला दुसरे आयुष्य मिळाले ते या गर्दीत: भट्टीची उणीव भरून काढणारे साधन आता भट्टी मोकळी ठेवणारे साधन झाले.

रोस्टरमधील शिजण्याची रीत साध्या भट्टीपेक्षा वेगळी आहे आणि तो फरक समजून घेतल्याशिवाय त्याचा इतिहासही नीट कळत नाही. मोठ्या भट्टीत हवा कोरडी असते. पक्ष्याच्या ओल्या अंगावरून पाण्याची वाफ होत राहते, त्या वाफेत उष्णता खर्च होते आणि त्यामुळे मांस सावकाश तापते. रोस्टरच्या झाकणाखाली मोकळी जागा थोडी असल्याने ती लवकरच बाष्पाने भरते, पुढचे बाष्पीभवन मंदावते आणि अनेकदा पक्षी अपेक्षेपेक्षा लवकर शिजतो. मांसही ओलसर राहते. याची किंमत कातडीला मोजावी लागते. कातडी तांबूस, खमंग होणे ही प्रथिने व शर्करा यांच्यातील अभिक्रिया असून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार याने १९१२ साली तिचे वर्णन केले. ती वेगाने घडण्यासाठी पृष्ठभाग कोरडा आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा बराच अधिक तापलेला असावा लागतो, आणि बाष्पाने वेढलेली कातडी तशी होत नाही. म्हणून रोस्टर वापरणाऱ्या स्त्री-पुरुषांनी अनेक युक्त्या शोधल्या. पक्षी आतून-बाहेरून टिपून कोरडा करणे, अंगाला लोणी व पाप्रिका, म्हणजे सौम्य तांबड्या मिरचीची पूड, चोळणे, आरंभी काही वेळ उष्णता चकतीच्या शेवटच्या खुणेपर्यंत वाढवणे, किंवा शेवटी पक्षी काढून मोठ्या भट्टीत थोडा वेळ ठेवणे, या त्यांतील प्रचलित रीती होत.

अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनांनुसार रोस्टर आधी तापवून घ्यावा, उष्णता ३२५ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १६३ सेल्सिअसपेक्षा कमी ठेवू नये आणि झाकण वारंवार उघडू नये, कारण प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निघून जाते. मंद आचेवर रात्रभर टर्की ठेवण्याची जी जुनी सवय काही घरांत होती तिला खात्याचा विरोध आहे, आणि तो रास्त आहे: ४० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४ ते ६० सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि मोठा पक्षी मंद आचेवर या पट्ट्यात फार काळ रेंगाळतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसलेल्या तापमापकावर १६५ अंश, म्हणजे ७४ सेल्सिअस दिसले की पक्षी सुरक्षित शिजला असे धरतात. पोटात सारण भरले असेल तर त्याच्या मध्यभागीही तेच तापमान यावे लागते. गोठवलेली टर्की घरोघर पोहोचल्यानंतर या सूचनांत आणखी एका गोष्टीची भर पडली, ती म्हणजे दर चार-पाच पौंडांमागे एक दिवस या हिशेबाने ती फ्रिजमध्ये वितळू देण्याची.

कातडीच्या रंगाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी अमेरिकी मनात तो फार खोल रुजलेला आहे. नॉर्मन रॉकवेल याचे ‘अभावापासून मुक्ती’ हे चित्र मार्च १९४३ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात छापले गेले; रूझवेल्टने १९४१च्या भाषणात सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी एकाचे ते चित्रण, आणि त्यात आजीबाई सोनेरी-तांबूस अख्खी टर्की मेजावर ठेवताना दिसतात. अख्खा पक्षी सर्वांसमोर मेजावर यावा आणि तेथेच कापला जावा, ही अपेक्षा या प्रतिमेने दृढ केली, आणि फिकट कातडीची टर्की देणारा रोस्टर या कसोटीला उतरत नव्हता. मात्र ज्या पंगतीत टर्की आतच कापून तिचे काप वाढले जातात तेथे कातडीचा रंग कोणी पाहत नाही. रोस्टर सर्वांत घट्ट रुजला तो अशाच पंगतींत.

विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि त्यांच्या शेजारच्या राज्यांत जर्मन व स्कँडिनेव्हियन वंशाच्या लोकांची ल्यूथरन व कॅथलिक चर्चे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या तळघरांत सुगीची जेवणे, लग्नाची जेवणे, दफनविधीनंतरची जेवणे होत आली आहेत. तेथील स्वयंपाकघरात एखादीच मोठी भट्टी असते आणि जेवणारे शेकड्यांनी असतात. तेव्हा घरोघरच्या स्त्रिया आपापला रोस्टर घेऊन येतात, एकात टर्की, दुसऱ्यात कुस्करलेले बटाटे, तिसऱ्यात सारण, आणि शिजवणे संपले की तोच रोस्टर मंद आचेवर अन्न गरम राखतो. महाराष्ट्रातील गावदेवळांची सामाईक भांडी जशी कार्याला बाहेर निघतात, तसा हा व्यवहार आहे, फरक इतकाच की अमेरिकेत भांडे बहुधा घराचे असते आणि पंगत संस्थेची.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२पासून, घरगुती विद्युत उपकरणांचे उत्पादन थांबले होते. युद्धानंतर ते जोमाने सुरू झाले आणि रोस्टर लग्नात आहेर म्हणून देण्याची वस्तू झाला. पुढे भिंतीत बसवलेल्या भट्ट्या सर्वत्र आल्या, १९७१ साली रायव्हल कंपनीच्या क्रॉक-पॉट या मंद शिजवणाऱ्या भांड्याने रोजच्या जेवणातील रोस्टरचे काम हिरावून घेतले आणि मायक्रोवेव्हने अन्न गरम करण्याची गरजही भागवली. नेस्को हे नाव पुढे विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स येथील मेटल वेअर कंपनीकडे गेले, आणि त्या नावाने रोस्टर आजही विकले जातात. रोजच्या स्वयंपाकातून हद्दपार झालेल्या या उपकरणाला सणाने आणि सार्वजनिक पंगतीने जिवंत ठेवले.

या पंगतींनी इमारतींवरही आपली छाप उमटवली आहे. १८ क्वार्टचा रोस्टर सुमारे १,४५० वॉट वीज घेतो, म्हणजे १२० व्होल्टवर जवळपास १२ अँपिअर. अमेरिकेतील साध्या जोडणीची मर्यादा १५ किंवा २० अँपिअर असल्याने एका जोडणीवर दोन रोस्टर लावले की फ्यूज उडतो आणि पंगत ताटकळते. त्यामुळे तेथील चर्चच्या व सार्वजनिक सभागृहांच्या स्वयंपाकघरांचे नूतनीकरण निघते तेव्हा भिंतीलगत ओळीने रोस्टर मांडता यावेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी असावी, ही मागणी आराखड्यात लिहिली जाते; ज्या सभागृहात तशी सोय नसते तेथे कोणता रोस्टर कोणत्या खोलीतील प्लगवर लावायचा हे अनुभवी स्त्रियांना पाठ असते, आणि कार्याच्या दिवशी पहाटे तळघरात लांबलचक तारा अंथरून त्यांचे काम सुरू होते.